जुन्या गाडीचे दुखणे अनेकदा ‘अर्थिंग’चे
नवी बॅटरी घेण्याआधी तपासून पाहाव्यात अशा काही गोष्टी

बॅटरी नवी, हेडलाइट लखलखीत. पण सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन ढिम्म हलत नाही. जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्या मुंबईकरांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी आधी बॅटरी, मग स्टार्टर, त्यानंतर अल्टरनेटर बदलला जातो. हजारो रुपये खर्ची पडतात आणि दुखणे कायम राहते. कारण खरा दोष असतो तो बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या एखाद्या गंजलेल्या बोल्टमध्ये!

समुद्राच्या कुशीत वसलेल्या खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात हा दोष अधिक लवकर उद्भवतो. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवर खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचा सूक्ष्म थर बसत राहतो. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी शोषून स्वतःच ओले होते. मुंबईच्या पावसाळ्यात ही स्थिती नित्याचीच. हा खारट ओलावा तांबे, शिसे आणि लोखंड यांच्या सांध्यांत शिरला की तेथे हिरवट-पांढरे क्षार आणि गंज साचतो.

घरातील आणि गाडीतील अर्थिंग

घरातील अर्थिंग ही सुरक्षेची व्यवस्था आहे; एरवी तिच्यातून वीज वाहत नाही. गाडीचे तसे नसते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाकडून निघालेला प्रवाह वायरमधून दिव्यापर्यंत किंवा स्टार्टरपर्यंत जातो आणि लोखंडी बॉडीतून बॅटरीकडे परततो. म्हणजे बॉडी हीच परतीची वायर. (मॉरिस मायनरसारख्या काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे, तत्त्व मात्र तेच.)

इंजिन रबरी माउंटिंगवर बसविलेले असल्याने ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने अलग असते. त्यामुळे इंजिन आणि बॉडी वा बॅटरी यांच्यामध्ये जाड केबल किंवा तांब्याच्या तारांची विणलेली चपटी पट्टी लावलेली असते. इंजिनच्या सततच्या थरथरीने तिच्या तारा एकेक करून तुटतात. डेंटिंग-पेंटिंगनंतर बोल्ट रंगावरच आवळला गेला तरीही जोड कच्चा राहतो.

दिवे लागतात, मग स्टार्टर का फिरत नाही?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. गंजलेल्या सांध्याचा विरोध अवघा ०.०२ ओहम धरला, तरी स्टार्टरच्या १५० ॲम्पिअर प्रवाहाला तेथे ३ व्होल्ट गमवावे लागतील. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी ही घट मोठी आहे. त्याच सांध्यातून जाणारा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब मात्र जेमतेम पावणेदोन ॲम्पिअर घेतो. त्याचे नुकसान ०.०४ व्होल्टही नसते. म्हणूनच दिवे प्रखर दिसतात आणि संशय स्टार्टरवर जातो.

लक्षणे ओळखावीत कशी?

इंडिकेटर दिला की मागचा दिवाही त्याच तालावर उघडझाप करू लागणे, एकच हेडलाइट मंद असणे, हेडलाइट लावताच तापमान किंवा पेट्रोलचा काटा सरकणे, ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लुकलुकणे ही ठळक लक्षणे. सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे सेल्फ मारल्यावर चोकची किंवा अॅक्सिलरेटरची केबल गरम होणे. इंजिनची पट्टी तुटल्यावर प्रवाह परतीसाठी या बारीक केबलचा आधार घेतो. ती तापून आवरण वितळू शकते, प्रसंगी आगही लागू शकते. असे आढळल्यास पुन्हा सेल्फ मारू नये.

तपासणीची रीत

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवावी. साधा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावावा.

प्रथम बॅटरी मोजावी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण चार्ज आहे. नंतर मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच (त्यावरील पकडीवर नव्हे) आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावी. दुसऱ्याने तीन-चार सेकंद सेल्फ मारावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर परतीचा मार्ग निर्धोक, ०.५ च्या वर गेला तर दोष निश्चित. मग लाल पिन क्रमाक्रमाने पकड, केबलचे टोक, बोल्ट, बॉडी अशी सरकवावी. ज्या सांध्यावर आकडा एकदम उडी घेतो, तोच दोषी.

दिव्यांसाठी हेडलाइट व वायपर चालू ठेवून बॉडीवर हीच तपासणी करावी, येथे ०.१ व्होल्टपेक्षा अधिक घट नसावी. ओहमच्या मापनावर मात्र विसंबू नये. पट्टीची एकच तार शाबूत असली तरी मीटर जवळजवळ शून्य विरोध दाखवितो. पण ती तार स्टार्टरचा भार पेलू शकत नाही. मीटर नसल्यास जंप केबलने बॅटरीचे निगेटिव्ह टोक थेट इंजिनला जोडून पाहावे. स्टार्टर जोमाने फिरला, तर निदान झालेच.

उपाय स्वस्त, पण नीट हवा

बॅटरीची निगेटिव्ह केबल सर्वांत आधी काढावी आणि सर्वांत शेवटी लावावी. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. त्यामुळे जवळ विडी-सिगारेट नको, हातात अंगठी-कडेही नको. सांधा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळावा. त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. तुटक पट्टी बदलावीच.

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. तरीही या गाड्या आजही हौसेने जपणारे आहेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर अर्थिंगचे चार-पाच सांधे उघडून स्वच्छ केले, तर त्यांची पुष्कळशी ‘अनाकलनीय’ दुखणी टळू शकतील.