लोअरिंग स्प्रिंग

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे मोटारीची जमिनीपासूनची उंची कमी करण्यासाठी मूळ स्प्रिंगच्या जागी बसवली जाणारी, तिच्याहून आखूड आणि बहुधा अधिक ताठर अशी मळसूत्राकार पोलादी स्प्रिंग होय. स्पोर्ट्स कारचे मालक वळणावरील स्थैर्य वाढवण्यासाठी आणि गाडीला बसके रूप देण्यासाठी ती वापरतात. रस्त्यावरील गाड्यांसाठी मिळणाऱ्या अशा स्प्रिंगा गाडी साधारणतः १५ ते ५० मिलिमीटर खाली आणतात. नवखा खरेदीदार निवड करताना बहुधा हाच आकडा पाहतो. प्रत्यक्षात गाडीची सुरक्षितता आणि आराम ही दोन्ही ती किती खाली गेली यापेक्षा, खाली गेल्यावर चाकाला वर येण्यास किती वाव उरला, यावर अधिक अवलंबून असतात.

इतिहास

घोडागाड्यांत आणि सुरुवातीच्या मोटारींत भार पेलण्यासाठी प्रामुख्याने पोलादी पाटे वापरले जात. मळसूत्राकार स्प्रिंगचा प्रसार पुढील चाकांच्या स्वतंत्र निलंबनाबरोबर झाला. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबात बसवणारी रचना अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाने ओळखली जाते. भारतात प्रीमियर पद्मिनीच्या पुढील चाकांना मळसूत्राकार स्प्रिंगा आणि मागील चाकांना पाटे होते. १९८३ साली बाजारात आलेल्या मारुती ८०० या गाडीने पुढील चाकांसाठी मॅकफर्सन रचना सर्वपरिचित केली. केवळ स्प्रिंग बदलून गाडी खाली आणणे या रचनेमुळे सोपे झाले. त्याबरोबर शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनाच ठेवून चूक करणेही सोपे झाले.

कार्यतत्त्व

स्प्रिंगवरील बल आणि तिचे दबणे यांचे प्रमाण स्थिर असते. रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेला हा नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणाऱ्या बलास तिची ताठरता म्हणतात. मळसूत्राकार स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या आणि कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून तारेची जाडी किंचित वाढली तरी स्प्रिंग बरीच कडक होते.

उदाहरणार्थ, एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार आणि चाकाशी मोजलेली ताठरता दर मिलिमीटरला २५ न्यूटन असेल, तर उभ्या गाडीत स्प्रिंग सुमारे ११८ मिलिमीटर दबते आणि गाडीची नैसर्गिक वारंवारता सुमारे १.४५ हर्ट्झ येते. ताठरता ३० टक्क्यांनी वाढवून ३२.५ न्यूटन केल्यास ही वारंवारता सुमारे १.६६ हर्ट्झ होते. कुटुंबासाठीच्या गाड्यांत ती साधारणपणे १ ते १.५ हर्ट्झ, तर रस्त्यावरील स्पोर्ट्स कारमध्ये १.५ ते २ हर्ट्झ असते. वारंवारता वाढली की गाडी चालकाच्या हाताला लवकर प्रतिसाद देते. रस्त्यावरील खडबडही प्रवाशाला अधिक जाणवते.

वळणावरील परिणाम

वळणावर गाडीचा काही भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जातो. एकूण किती भार सरकतो हे गाडीचे वस्तुमान, वळणाचे त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवर ठरते. स्प्रिंगच्या ताठरतेमुळे हा एकूण भार जवळजवळ बदलत नाही. केवळ गाडीचे कलणे कमी होते.

१,२०० किलोग्रॅम वस्तुमानाची, ०.५५ मीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली आणि चाकांमध्ये १.५ मीटर अंतर असलेली गाडी गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट त्वरणाने वळली, तर सुमारे २६४ किलोग्रॅम भार बाहेर सरकतो. गुरुत्वमध्य ३० मिलिमीटर खाली आणल्यास हा आकडा सुमारे २५० होतो, म्हणजे लाभ पाच-सहा टक्क्यांचा आहे. हा लाभ खरा असला तरी मर्यादित आहे. शिवाय मॅकफर्सन रचनेत गाडी फार खाली आणल्यास तिचा कलण्याचा मध्यबिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. त्यामुळे दोहोंमधील अंतर वाढते आणि कलण्याची प्रवृत्ती उलट बळावते.

प्रकार

रेषीय स्प्रिंगची ताठरता संपूर्ण दाबात सारखी राहते. त्यामुळे गाडीच्या वर्तनाचा अंदाज बांधणे सोपे जाते. वर्धमान स्प्रिंगचे काही वेढे जवळजवळ असतात. दाब वाढताच ते एकमेकांना टेकून निष्क्रिय होतात आणि उरलेली स्प्रिंग अधिक ताठर बनते. रोजच्या वापरासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक लोअरिंग स्प्रिंगा वर्धमान प्रकारच्या असतात. उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा एकत्रित संच कॉइलओव्हर म्हणून ओळखला जातो. तो अधिक महाग असून नवख्याला त्याची योग्य जुळणी करणे अवघड जाते.

निवडीचे निकष

उरलेली हालचाल : चाक खड्ड्यातून वर उसळते तेव्हा स्प्रिंग दबते आणि शेवटी रबरी किंवा फोमचा बम्प स्टॉप धक्का झेलतो. मूळ गाडीत त्याआधी ८० मिलिमीटर वाव असेल आणि ती ३० मिलिमीटर खाली आणली, तर ५० मिलिमीटर उरतात. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तेवढाच धक्का ५० मिलिमीटरमध्ये झेलण्यासाठी स्प्रिंग सुमारे अडीच पट ताठर हवी. ३० टक्के अधिक ताठर स्प्रिंगला हे शक्य नसते, म्हणून उरलेला आघात बम्प स्टॉपवर आणि पुढे सांगाड्यावर जातो. आखूड स्प्रिंगबरोबर आखूड बम्प स्टॉप लागतो तो यामुळेच.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरशी मेळ : शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगचे आंदोलन शमवतो. ताठरता ३० टक्क्यांनी वाढवून शॉक अ‍ॅब्सॉर्बर तोच ठेवल्यास शमनाचे गुणोत्तर सुमारे १२ टक्क्यांनी घटते आणि गाडी खड्ड्यानंतर अधिक वेळ डुलते. बरेच चाललेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर असल्यास दोन्ही भाग एकत्र बदलणे इष्ट ठरते. चाक पूर्ण खाली लोंबत असतानाही स्प्रिंग आपल्या बैठकीत घट्ट बसलेली असावी; सैल झालेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

पुढील व मागील संच : गाडीची पुढची चाके उंचवट्यावर आधी चढतात. मागची वारंवारता किंचित अधिक असल्यास दोन्ही टोकांचे डोलणे लवकर जुळते. अभियंता मॉरिस ओली याने १९३० च्या दशकात मांडलेले हे तत्त्व आजही वापरले जाते. म्हणून चारही स्प्रिंगा एकाच संचातील आणि नेमक्या त्याच मॉडेल, इंजिन व पारेषणासाठी बनवलेल्या असाव्यात. डिझेल इंजिन सहसा जड असल्याने त्याची पुढील स्प्रिंग पेट्रोल गाडीस चालतेच असे नाही.

जमिनीपासूनचे अंतर : माहितीपत्रकातील आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. वरील उदाहरणातील गाडीत ३०० किलोग्रॅम प्रवासी व सामान चारही चाकांवर समान वाटले गेले, तर मूळ स्प्रिंगवर ती आणखी २९ मिलिमीटर आणि ३० टक्के ताठर स्प्रिंगवर सुमारे २३ मिलिमीटर खाली बसते. निवड भरलेल्या गाडीच्या हिशेबाने करावी लागते.

देहू–चाकण पट्ट्यातील संदर्भ

इंद्रायणीकाठचे देहू हे तीर्थक्षेत्र पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकण या वाहन उद्योगाच्या केंद्रांच्या सान्निध्यात आहे. डीसी अवंती ही इंजिन मध्यभागी असलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार तळेगाव येथे तयार होत असे. फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ साली सुरू झाला. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवणारी गॅब्रिएल इंडिया ही कंपनी चाकणजवळ कुरुळी येथे आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या पुण्यातील वाहन-चाचणी संस्थेचे केंद्रही चाकण येथे आहे.

या पट्ट्यातील रस्त्यांवर गतिरोधक हा निवडीचा कसोटीबिंदू ठरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधकाची त्रिज्या १७ मीटर, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असते. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा अशी अपेक्षा आहे. चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसच्या पुढील व मागील चाकांमध्ये २,६५१ मिलिमीटर अंतर असून जमिनीपासूनचे अंतर १७९ मिलिमीटर आहे. ही गाडी प्रमाणित गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर असते तेव्हा चारही चाके उंचवट्यावरच असल्याने मधला भाग चाकांच्या पातळीपेक्षा केवळ ५२ मिलिमीटर वर येतो. गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली आणि प्रवाशांमुळे आणखी २३ मिलिमीटर बसली, तर १२१ मिलिमीटर उरतात. अशी गाडी प्रमाणित गतिरोधक सावकाश ओलांडू शकते. मात्र अरुंद गतिरोधक दोन्ही चाकजोड्यांच्या मध्ये येतो आणि त्याची पूर्ण उंची गाडीच्या तळाला सामोरी जाते. असा गतिरोधक १५ सेंटिमीटर उंच असेल तर तळ निश्चित घासतो. मूळ उंचीची रिकामी गाडी मात्र त्यावरून २९ मिलिमीटर अंतर राखते. म्हणून खरेदीपूर्वी रोजच्या मार्गावरील सर्वांत उंच व अरुंद गतिरोधक आणि इमारतीच्या तळघरातील वाहनतळाचा उतार मोजून घेणे उपयुक्त ठरते.

कारखान्यातूनच स्पोर्ट्स आवृत्ती म्हणून आलेल्या गाड्यांतही ही मर्यादा दिसते. टाटा मोटर्स आणि कोइंबतूरची जयेम ऑटोमोटिव्ह्ज यांच्या संयुक्त कंपनीने २०१८ साली आणलेल्या टियागो जेटीपीची उंची मूळ टियागोपेक्षा केवळ ४ मिलिमीटरने कमी होती.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे खरेदीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करणे आणि बदलाची माहिती विमा कंपनीस देणे आवश्यक ठरते. उत्पादकाच्या हमीवरही बदलाचा परिणाम होऊ शकतो.

बसवणूक व सुरक्षितता

मॅकफर्सन खांबातील स्प्रिंग कायम दाबाखाली असते. ती योग्य कॉम्प्रेसरशिवाय सोडवल्यास उसळून प्राणघातक इजा करू शकते. हे काम घरी करण्याजोगे नाही. नव्या स्प्रिंगा बसवल्यावर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे लागते, कारण उंची बदलली की चाकांचा कल आणि रोख बदलतो व टायर एका कडेने झिजतात. हेडलाइटचा झोत, ब्रेकच्या नळ्यांची मोकळीक आणि पूर्ण वळवलेल्या चाकाचे मडगार्डपासूनचे अंतरही तपासले जाते. काही शेकडो किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा पाहणे हिताचे असते.

मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली आणण्याची पद्धत धोकादायक आहे. सहापैकी एक कार्यरत वेढा कापल्यास ताठरता १.२ पट होते. परंतु कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. स्प्रिंग तापवून दाबल्यास पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ती कालांतराने बसते किंवा तुटते.

हेही पहा

हूकचा नियम
शॉक अ‍ॅब्सॉर्बर
गुरुत्वमध्य
गतिरोधक
चाकण