कारकुनाची लेखणी

'नाइन्टीन एटी-फोर' (१९८४) या चित्रपटातील विन्स्टन स्मिथ जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर सरकारच्या सोयीने बदलीत असतो. तोही आमच्यासारखा कारकूनच! भविष्याची अशी भयचित्रे आम्हां बंगळूरकरांस निव्वळ कल्पित वाटत नाहीत. आणीबाणीत 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती जाळण्यात आल्या. 'संस्कार' (१९७०) मधील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी येथील मध्यवर्ती तुरुंगात दम्याने खंगल्या आणि सुटकेनंतर काही दिवसांतच, जानेवारी १९७७ मध्ये, निवर्तल्या. त्या तुरुंगाच्या जागी आज उद्यान आहे. परंतु त्याच वर्षी शहा आयोग नेमला गेला, तेव्हा सरकारी दप्तरेच सरकारविरुद्ध साक्षीस उभी राहिली. सत्तेचा हुकूम अखेर कारकुनाच्याच लेखणीतून उतरतो. ती लेखणी खरे लिहील, एवढे तरी आमच्या हाती आहे.