विद्यापीठाच्या दारी प्राकृत : एका अभ्यासक्रमाची वाटचाल

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. पूर्वी शास्त्रदान म्हणजे ग्रंथांच्या प्रती लिहवून घेऊन त्या भांडारांना व मुनिसंघांना अर्पण करणे. अर्वाचीन काळात विद्यापीठे स्थापन झाली आणि शास्त्रदानाला एक नवे रूप लाभले. शास्त्राच्या भाषेला अभ्यासक्रमात स्थान मिळवून देणे व ते टिकविणे हे ते रूप होय. महाराष्ट्रातील विद्यापीठांत अर्धमागधी व एकूणच प्राकृत भाषांना हे स्थान कसे मिळाले, त्याचा इतिहास आजच्या समाजाने आवर्जून जाणून घ्यावा असा आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. आरंभी हे विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. अध्यापन महाविद्यालयांत होई, तर विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई व पदव्या देई. त्यामुळे एखादा विषय विद्यापीठाच्या यादीत नसेल, तर महाविद्यालयांनाही त्याचे प्रयोजन उरत नसे. याचा पहिला फटका बसला तो देशी भाषांनाच. सुरुवातीच्या काही वर्षांत मराठी, गुजराती आदी भाषा परीक्षेसाठी घेता येत. पुढे उच्च परीक्षांतून त्या वगळण्यात आल्या आणि संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषांचा आग्रह धरण्यात आला. त्यांना पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी १८९८ साली त्यांनी लिहिलेले टिपण याच प्रयत्नांशी जोडलेले आहे. ‘मराठीत शिकविण्याजोगे वाङ्मय आहेच कुठे?’ या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे, तर ग्रंथांची मोजदाद समोर ठेवणे भाग होते. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. त्यानंतर लवकरच एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांना स्थान मिळाले. मागणी पुराव्यानिशी केली तर विद्यापीठाचे दार उघडते, हा या घटनेचा बोध होय.

प्राकृताची अडचण याहून वेगळी होती. प्राकृत ही अभिजात खरी, परंतु ती संस्कृतच्या छायेत वावरत होती. संस्कृत नाटकांतील स्त्रीपात्रांची व सामान्य जनांची भाषा एवढीच तिची ओळख विद्यार्थ्याला असे, आणि तो संवादही बहुधा संस्कृत छायेच्या आधारे वाचला जाई. ही दृष्टी बदलण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे कार्य फार उपयोगी पडले. १८७७ साली त्यांनी दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत पाली, प्राकृत व अपभ्रंश यांचा स्वतंत्र विचार झाला. सरकारी हस्तलिखित-शोधाच्या १८८३-८४ च्या अहवालात त्यांनी जैन वाङ्मयाचा विस्ताराने परिचय करून दिला. हर्मान याकोबी यांचे जैन सूत्रांचे इंग्रजी अनुवाद १८८४ व १८९५ साली ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेत प्रसिद्ध झाले. भांडारांत बंदिस्त असलेले वाङ्मय अशा रीतीने विद्वत्सभेत आले.

पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अर्धमागधी हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत अभ्यासाचा विषय झाला. परंतु विषयाला संमती मिळाली म्हणजे कार्य संपले असे नव्हते. मुलांच्या हाती द्यावयाचे पुस्तक कोणते? पोथीवरून छापलेला पाठ विद्यार्थ्याला पुरत नाही. त्यास शुद्ध संहिता, व्याकरण, शब्दकोश व टिपा लागतात. ही उणीव डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी मोठ्या प्रमाणावर भरून काढली. हेमचंद्राचे प्राकृत व्याकरण त्यांनी १९२८ साली आणि आनंदादी दहा श्रावकांच्या कथांचे ‘उवासगदसाओ’ १९३० साली संपादित केले. डॉ. अमृत माधव घाटगे यांचे अर्धमागधीचे प्रवेशपुस्तक कोल्हापूरहून निघाले. हेच घाटगे पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प्राकृत महाकोशाचे प्रधान संपादक झाले.

पुस्तकाइतकीच गरज शिक्षकाची असते. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे १९०६ साली जन्मलेले डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये १९३० साली एम. ए. झाले आणि त्याच वर्षी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १९६२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, त्यांनी तेथे अध्यापन केले. १९३९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अर्धमागधी ही श्वेतांबर आगमांची भाषा, तर दिगंबर परंपरेचे प्राचीन ग्रंथ शौरसेनीत आहेत. उपाध्ये दिगंबर कुळातले. त्यांनी वर्गात अर्धमागधी शिकविली, कुंदकुंदाचार्यांचे ‘प्रवचनसार’ १९३५ साली संपादिले आणि उद्योतनसूरींची महाराष्ट्री प्राकृतातील ‘कुवलयमाला’ही विद्वानांपुढे ठेवली. अभ्यासक्रमाचे नाव कोणतेही असो, त्यांनी त्यात संप्रदायभेद शिरू दिला नाही. १९७१ साली म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत विभाग सुरू झाला, तेव्हा पहिले प्राध्यापक म्हणून त्यांनाच पाचारण करण्यात आले.

या कार्यात समाजाचा वाटाही मोलाचा आहे. सोलापूरचे ब्र. जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९४३ साली ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग प्रकाशित केला. त्याचे संपादन उपाध्ये व डॉ. हीरालाल जैन यांनी केले. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातील जैन अध्यासनाला सोलापूरचेच शेठ हिराचंद नेमचंद यांचे नाव आहे. देणगीदाराने धन दिले, विद्वानाने ग्रंथ सिद्ध केला आणि विद्यापीठाने तो अभ्यासास लावला, असा हा त्रिवेणी संगम होय.

आज नवा अभ्यासक्रम सुरू करावयाचा, तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्रस्ताव अभ्यासमंडळ, विद्याशाखा व विद्यापरिषद अशा पायऱ्या चढतो. पदवीचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाने विनिर्दिष्ट केलेल्या नावांपैकीच असावे लागते. कोणी शिकवावे, काय वाचावे, परीक्षा कशी घ्यावी, याची उत्तरे प्रत्येक पायरीवर द्यावी लागतात. ही छाननी जाचक वाटली, तरी तीच अभ्यासक्रमाला प्रतिष्ठा देते. मात्र विद्यार्थ्यांची संख्या कोणत्याही ठरावाने निर्माण होत नाही.

खरी चिंता येथेच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, असमिया व बंगाली यांच्यासमवेत प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. सन्मान मोठा आहे. परंतु माध्यमिक शाळेत अर्धमागधी निवडणारी मुले थोडी आहेत, आणि शाळेत मुले नसतील तर महाविद्यालयात वर्ग भरत नाहीत. वर्ग भरले नाहीत तर रिकाम्या झालेल्या जागी नवे अध्यापक येत नाहीत. रानडे, भांडारकर, वैद्य, उपाध्ये यांच्या पिढ्यांनी उघडलेले दार अशा रीतीने कोणी न लोटताही बंद होऊ शकते.

म्हणून समाजातील प्रत्येक कुटुंबाने मुलाची विषयनिवड करताना क्षणभर थांबून विचार करावा. संस्थांनी शिष्यवृत्त्या द्याव्यात, पाठ्यपुस्तके पुन्हा छापावीत, निवृत्त अध्यापकांचे वर्ग भरवावेत. नमोकार मंत्र प्राकृतात आहे आणि तो प्रत्येक घरात रोज म्हटला जातो. त्या भाषेचा अर्थ स्वतःच्या बळावर लावू शकेल असा एक तरी विद्यार्थी प्रत्येक गावातून घडावा. शास्त्रदानाचे याहून सार्थ रूप आजच्या काळात दुसरे नाही.