उघड्या कवटीवर कातडी कशी येते? एका शस्त्रक्रियेचा तीनशे वर्षांचा प्रवास

डोक्यावरील त्वचेच्या कॅन्सरचे ऑपरेशन ठरले, की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, एवढी मोठी जखम भरणार कशी? टाके घालून बंद होणार नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला डॉक्टरांना तीनशे वर्षे लागली.

डोक्याची कातडी वेगळी का?

पोटाची कातडी चिमटीत धरून पाहा, सहज वर येते. आता तेच डोक्यावर करून पाहा. जमत नाही ना? डोक्याच्या कातडीखाली गॅलिया नावाचा चिवट पडदा असतो आणि तो ताणला जात नाही. म्हणून साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतची जखम ओढून शिवता येते. त्याहून मोठी असेल तर कडा एकमेकींना भेटत नाहीत.

गॅलियाच्या खाली, कवटीला चिकटून एक पातळ अस्तर असते, पेरिक्रेनियम. कवटीच्या पृष्ठभागाला रक्त पुरवणारे हे अस्तर कॅन्सरसोबत काढावे लागले, की कोरडे हाड उघडे पडते. खरी अडचण इथे सुरू होते.

हाडाला भोके पाडणारे वैद्य

ओग्युस्तँ बेलोस्त या फ्रेंच सर्जनने 1696 च्या आपल्या पुस्तकात एक उपाय सांगितला: उघड्या हाडाला बारीक भोके पाडा. कवटीच्या वरच्या कठीण थराखाली रक्त असलेला सच्छिद्र थर असतो. भोक तिथवर पोहोचले, की त्यातून लालसर मांसांकुर वर येतात आणि हळूहळू हाड झाकतात.

हीच युक्ती पुढे अमेरिकेच्या सरहद्दीवर कामी आली. तिथल्या लढायांत शत्रूच्या डोक्याची कातडी सोलून नेली जाई, आणि हे दोन्ही बाजूंनी होई. त्यातूनही काही जखमी जिवंत राहत. जेम्स रॉबर्टसन हा वसाहतीचा पुढारी 1777 मध्ये एका सर्जनकडून हे तंत्र शिकला. तो साध्या आरीने कवटीला भोके पाडत असे. 1806 मध्ये त्याचा अनुभव फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जखम पूर्ण भरायला दोन-दोन वर्षे लागत, पण माणूस वाचे.

रोप आणि कुंडी

1869 मध्ये पॅरिसला जाक-लुई रेव्हर्दँ यांनी कातडीचे छोटे तुकडे जखमेवर रुजवून दाखवले. 1874 मध्ये जर्मनीत थियर्श यांनी कातडीचे मोठे, पातळ पापुद्रे वापरले. हे त्वचारोपण, म्हणजे ग्राफ्ट. ग्राफ्ट रोपासारखा असतो. ओली जमीन मिळाली तर रुजतो, खडकावर सुकतो. पेरिक्रेनियम शाबूत असेल तर डोक्यावर ग्राफ्ट छान बसतो. कोरड्या हाडावर नाही.

मग खडकावर काय लावायचे? कुंडीसकट झाड! म्हणजे आपला रक्तपुरवठा सोबत घेऊन येणारी कातडी. तिला फ्लॅप म्हणतात. या कल्पनेचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या पुण्यातले आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला तिथल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक दिले. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ही हकिगत छापली गेली आणि युरोपचे सर्जन चकित झाले.

डोक्यासाठी याच तत्त्वाचा मोठा वापर कोलंबियातील मिगेल ऑर्टिकोचिया यांनी केला. उरलेल्या कातडीचे, प्रत्येकात रक्तवाहिनी राहील असे, आधी चार (1967) आणि नंतर तीन (1971) मोठे फ्लॅप करून ते जखमेवर सरकवायचे. फायदा असा, की केसांच्या जागी केसच येतात.

पोटातून डोक्यावर

आजूबाजूची कातडीच पुरेशी नसेल तर? 1972 मध्ये मॅक्लीन आणि बंकी या अमेरिकन सर्जननी आतड्यांवर पदरासारखा असणारा चरबीचा पडदा, ओमेंटम, डोक्याच्या मोठ्या जखमेवर बसवल्याचे प्रसिद्ध केले. त्याच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली डोक्याच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या आणि वर ग्राफ्ट लावला. आज बहुधा पाठीचा स्नायू किंवा मांडीची कातडी अशीच आणली जाते. याला फ्री फ्लॅप म्हणतात.

आणि बेलोस्तची भोके? ती कालबाह्य झालेली नाहीत. वय जास्त असेल, हृदय कमकुवत असेल, लांबलचक ऑपरेशन झेपणार नसेल, तर आजही आम्ही हाडाचा वरचा थर रक्त दिसेपर्यंत घासतो, त्यावर कृत्रिम त्वचास्तर लावतो आणि काही आठवड्यांनी ग्राफ्ट बसवतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

"सर्वांत मोठे ऑपरेशन म्हणजे सर्वांत चांगले" असे नसते. तुमच्या सर्जनला तीन प्रश्न जरूर विचारा: हाडावरचे अस्तर राहणार आहे का? नंतर रेडिएशन लागणार आहे का? लागणार असेल, तर पातळ ग्राफ्टपेक्षा जाड फ्लॅप ते जास्त चांगले सोसतो. आणि जखमेच्या कडा कॅन्सरमुक्त असल्याचा रिपोर्ट आला का? कधीकधी त्या रिपोर्टसाठी जखम काही दिवस ड्रेसिंगखाली ठेवतात. तो हलगर्जीपणा समजू नका. खाली कॅन्सर उरला आणि वर सुंदर कातडी बसवली, तर आजार झाकला जातो, बरा होत नाही.

शेवटची विनंती. टक्कल पडलेल्या डोक्यावर, किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावर, महिनाभरात न भरणारी जखम, सतत निघणारी खपली किंवा वाढणारी गाठ दिसली, तर मलमे बदलत बसू नका. बायोप्सी करून घ्या. तीन सेंटिमीटरच्या आत सापडलेला कॅन्सर बहुतेक वेळा साध्या टाक्यांवर निभावतो, आणि मग वर सांगितलेल्या इतिहासाची तुम्हाला गरजच पडत नाही.