रायगडावरची खिचडी आणि इंग्रज पाहुणे

आपण प्रेमाने पान वाढावे आणि पाहुण्याने दोन घासांनंतर हात आखडता घ्यावा, असा प्रसंग प्रत्येक गृहस्थाच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येतोच. यजमान कानकोंडा होतो आणि पाहुणा त्याहूनही अधिक. घरच्या पंक्तीत हा संकोच हसण्यावारी नेता येतो. परंतु यजमान साक्षात शिवछत्रपती, पाहुणा सातासमुद्रापलीकडील व्यापारी कंपनीचा वकील आणि समारंभ राज्याभिषेकाचा असेल तर? असा प्रसंग १६७४ साली रायगडावर खरोखरच घडला. राज्याभिषेकाची वर्णने आपण भक्तिभावाने वाचतो. सिंहासन, छत्र, सप्तनद्यांची उदके हे सारे आपल्या डोळ्यांपुढे असते. त्या वैभवाच्या आड राहिलेली ही मुदपाकखान्याची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही.

१६६१ साली महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरास तोफखान्याची मदत केली, त्याचे ते प्रायश्चित्त होते. त्या लुटीची भरपाई मिळावी आणि स्वराज्यात व्यापाराची मोकळीक मिळावी, यासाठी मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने हेन्री ऑक्झिंडेन यास वकील म्हणून रायगडास धाडले. त्याच्याबरोबर काही इंग्रज सहकारी होते आणि दुभाषा म्हणून नारायण शेणवी होता. मे महिन्यात ही मंडळी चौल आणि निजामपूर या मार्गाने पाचाडास पोहोचली. महाराज त्या वेळी प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले होते आणि देवीस त्यांनी सव्वा मणाचे सोन्याचे छत्र अर्पण केले होते. पाहुण्यांना पायथ्याशी काही दिवस थांबावे लागले. २२ मे रोजी ते गड चढून वर आले आणि तेथे सुमारे तीन आठवडे राहिले.

ते दिवस कसे होते, हे लक्षात घेतले पाहिजे. अवघा गड धर्मकृत्यांत बुडाला होता. २९ मे रोजी महाराजांचे उपनयन झाले. सुवर्णतुला झाली, तीत सुमारे १६,००० होन भरले, आणि त्यांत आणखी एक लक्ष होनांची भर घालून ब्राह्मणांस दान देण्याचे ठरले. होम, दाने, व्रते आणि नियम यांनी प्रत्येक दिवस भरलेला होता. अशा वातावरणात पाहुण्यांच्या वाट्याला अन्न आले ते डाळ-तांदळाच्या खिचडीचे, वर सढळ हाताने सोडलेल्या तुपाचे.

हा सर्व वृत्तांत कंपनीचा एक शस्त्रवैद्य, जॉन फ्रायर, याने आपल्या प्रवासग्रंथात नोंदविला आहे. हा ग्रंथ १६९८ साली लंडनात प्रसिद्ध झाला. फ्रायर स्वतः गडावर गेला नव्हता. वकिलातीची हकीकत त्याने आपल्या खुसखुशीत शैलीत उतरवून घेतली. तो म्हणतो की, या लोकांच्या आहारात फारसे वैविध्य नाही आणि खर्चही नाही. खिचडी हेच त्यांचे परम आवडते अन्न, आणि तीवरच ते पुष्ट होतात. परंतु उत्तम मांसावर वाढलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांना ती फार काळ रुचेना. अखेर महाराजांच्या कानावर घालण्यात आले की, पाहुण्यांना रोज मांस हवे आहे.

वाचकहो, हा क्षण मनासमोर आणून पाहा. ज्याच्याकडे भरपाई मागावयाची, सवलती मागावयाच्या, त्याच्याच घरी शुभकार्याच्या ऐन गर्दीत ‘तुमचे अन्न आम्हांस चालत नाही’ असा निरोप धाडावयाचा! निरोप धाडणाऱ्यांस संकोच वाटला की नाही, हे फ्रायर लिहीत नाही. महाराजांनी मात्र त्यात अपमान मानला नाही. गडावरील मोजक्या मुसलमान मंडळींना मांस पुरविणारा एक खाटीक होता. इंग्रजांना लागेल तेवढे बोकडाचे मांस त्याने द्यावे, असा हुकूम झाला. बोकडाखेरीज दुसरे काही तेथे मिळण्याजोगे नव्हतेच. यजमानाने आपला नियम मोडला नाही आणि पाहुण्यास उपाशीही ठेवले नाही.

खरी गंमत पुढेच आहे. त्या खाटकाकडून इंग्रज रोज अर्धा बोकड घेऊ लागले. थोड्याच दिवसांत त्यांनी इतके मांस फस्त केले की, तेवढे त्याने आदल्या कित्येक वर्षांत विकले नव्हते. तो भला म्हातारा थक्क झाला. हे असे धनी तरी कोण, त्यांना एकवार डोळ्यांनी पाहावे, एवढ्याचसाठी तो रायगडाचा अवघड चढ चढून वर आला! 

पाहुण्यांना आपल्या भुकेचे खरे माप कळले ते या म्हाताऱ्याच्या विस्मित नजरेतून. दरबारात कोणी एक शब्द बोलले नाही; बोलली ती एका साध्या माणसाची उत्सुकता. फ्रायरही लिहिता लिहिता अंतर्मुख होतो. इतर लोक मांस शिजवून, रसदार करून खातात. भाजून खाण्याचा एवढा सोस आम्हांलाच, आणि या उष्ण देशात आमचे चुकतच असावे, अशी शंका तो बोलून दाखवितो. खिचडीला नावे ठेवण्यापासून सुरू झालेला परिच्छेद आत्मपरीक्षणावर येऊन थांबतो, हे त्या लेखकास भूषणावह आहे.

मात्र त्याचे एक विधान दुरुस्त केले पाहिजे. हिंदू लोक मांस मुळीच खात नाहीत, असे तो सरसकट लिहितो. मराठ्यांच्या व इतर अनेक ज्ञातींच्या घरी मांसाहार तेव्हाही होता, आजही आहे. आमच्या सारस्वतांच्या पानात मासळी असते. व्रतस्थ गडाच्या तीन आठवड्यांवरून त्याने सबंध समाजाचा आहार ठरविला. परक्याच्या पंक्तीत एकदा बसून त्याच्या घराविषयी कायमचे मत बनविण्याची ही चूक इंग्रजांचीच तेवढी नव्हे. ती आपणही करतो.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, इंग्रजी गणनेने ६ जून रोजी, राज्याभिषेक झाला. ऑक्झिंडेनने सिंहासनापुढे मुजरा केला, आणि नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखविली ती नारायण शेणव्याने. दरबाराच्या दाराशी उभे असलेले दोन लहान हत्ती एवढा बिकट डोंगर चढले तरी कसे, याचे ऑक्झिंडेनला मोठे नवल वाटले. तहावर सह्या झाल्या, राजापूरबद्दल १०,००० होनांची भरपाई कबूल झाली आणि पाहुणे मुंबईस परतले. खिचडी नाकारल्याने तह अडला नाही.

पुढे काळाने आपली थट्टा केली ती वेगळीच. हीच खिचडी इंग्रजांच्या जिभेवर बसली, ‘केजरी’ हे नाव घेऊन विलायतेस गेली, आणि मासे व उकडलेली अंडी घालून तेथील सुखवस्तू घरांत न्याहारीला वाढली जाऊ लागली. ज्या अन्नाने रायगडावर पाहुण्यांना अवघडविले, तेच त्यांच्या वंशजांनी आवडीने जवळ केले.

आपल्या देवस्थानांत संतर्पणाच्या पंक्ती आजही बसतात आणि त्यांत दूरदूरचे लोक येतात. एखाद्याला आपली आमटी रुचत नाही, एखादा पानातले खतखते बाजूस सारतो. अशा वेळी आग्रहाची सक्ती होऊ देऊ नये आणि नकाराला अपमान समजू नये. स्वतःचा नियम स्वतःपुरता कडक पाळून पाहुण्यास त्याचा घास मिळवून देणे, हे आतिथ्य सिंहासनावर बसावयास निघालेल्या राजाने, सर्वांत सोवळ्या दिवसांत, सहज करून दाखविले. रायगडाच्या वैभवात ही गोष्टही मोजली पाहिजे.