वऱ्हाडातील किरायाचे घर आणि उतारवय

वऱ्हाडच्या शहरांचा इतिहास सांगावयास बसले की त्यात कापूस येतो, आगगाडी येते, बाजारपेठ येते. पण त्या शहरांत जन्मभर किरायाने राहिलेला माणूस त्यात क्वचितच येतो. मालकाचे नाव खरेदीखतात राहते, नझुलच्या नकाशात राहते, नगरपालिकेच्या दफ्तरात राहते. किरायेदाराचे नाव पावतीपुस्तकात असते, आणि ते अन्यत्र कोठे सापडलेच तर कज्जाच्या कागदांत सापडते. अशा स्थितीत, साठी-सत्तरी उलटलेले पतिपत्नी आज अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत दोन खोल्यांच्या शोधात हिंडत असतील, तर त्यांची ही वणवण केवळ त्यांच्या नशिबाची गोष्ट आहे असे समजले जाते. वस्तुतः तिच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास व पाऊणशे वर्षांचा कायदा उभा आहे.

जुन्या अमरावतीस परकोट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या अमलात, पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून तो बांधला गेला. त्यास पाच दरवाजे आणि चार खिडक्या. या कोटाच्या आत राहणारा बहुधा घरचाच मनुष्य असे. आश्रित असे, कूळ असे, पाहुणा असे. दरमहा पैसे मोजून परक्याच्या घरात राहणारा वर्ग निर्माण झाला तो मुख्यतः कचेऱ्यांमुळे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे त्याचे दोन विभाग पडून पूर्वेकडील विभागाचे ठाणे अमरावतीस व पश्चिमेकडील विभागाचे ठाणे अकोल्यास झाले. कचेऱ्या आल्या म्हणजे कारकून आले, वकील आले, शाळामास्तर आले; त्यांतील पुष्कळसे पुणे प्रांतातून व कोकणातून आलेले. त्यांची शेती येथे नव्हती, वाडा नव्हता आणि बदलीचा हुकूम केव्हा येईल याचा भरवसाही नव्हता.

त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध माजले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली आगगाडी अकोला व बडनेरा येथून नागपूरला पोहोचली. अमरावतीसाठी बडनेऱ्याहून सहा मैलांचा फाटा काढण्यात आला. १९०१ च्या शिरगणतीत अमरावतीची वस्ती ३४,२१६ आणि अकोल्याची २९,२८९ भरली. आजच्या मानाने हे आकडे लहान वाटतात. परंतु यांतील फार मोठा भाग दोन पिढ्यांपूर्वी त्या गावात नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे घरांवर किती ताण पडला असेल याची कल्पना येते.

मग वाड्यांची विभागणी झाली. पुढच्या ढेलजेलगतच्या दोन खोल्या वकिलाच्या कारकुनाला, मागची सपरी मास्तरांना, माडी एखाद्या विद्यार्थ्याला. विहीर सर्वांची, अंगण सर्वांचे, न्हाणी पाळीपाळीने. मोर्णेच्या पश्चिमेस अकोल्याचे जुने शहर आणि पूर्वेस ताजनापेठ व नंतरच्या वसाहती. पण घराची मांडणी दोन्हीकडे साधारण अशीच. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा जवळ असल्यामुळे या भागात घर पाहावयास गेलेला माणूस भिंती पाहण्याच्या अगोदर पाण्याची चव विचारीत असे. किराया थोडा होता व लेखी करार बहुधा नसेच. सणाला ताट जाई, बाळंतपणाला मालकीण धावून येई, आणि भांडण झाले तर तेही अंगणातच होई. या वाडासंस्थेचे गोडवे आज फार गाइले जातात. पण तिच्यात किरायेदाराला हक्क असा कोणताच नव्हता. मालकाची मर्जी हाच करार होता.

ती मर्जी मोडली दुसऱ्या महायुद्धाने. १९३९ नंतर लोखंड, सिमेंट व इमारती लाकूड दुर्मिळ झाले, नवी बांधकामे थांबली, किराया चढला आणि त्याबरोबर घर खाली करण्याच्या नोटिसाही वाढल्या. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४६ साली घरे किरायाने देण्याच्या नियमनाचा कायदा केला आणि त्याच्या आधारे १९४९ साली जी आज्ञा निघाली, ती ‘रेंट कंट्रोल ऑर्डर’ या नावाने वऱ्हाडच्या घरोघरी ठाऊक झाली. मुंबई इलाख्याचा १९४७ चा कायदा निराळा आणि वऱ्हाडची आज्ञा निराळी. वऱ्हाडात मालकाला थेट दिवाणी न्यायालयात जाता येत नसे. प्रथम रेंट कंट्रोलरकडे अर्ज करून नोटीस देण्याची परवानगी मिळवावयाची. ती मिळाली म्हणजे नोटीस. नोटिशीची मुदत संपली म्हणजे दावा. प्रत्येक पायरीवर अपील. परवानगीची कारणे तेराव्या कलमात मोजून दिलेली होती. एकूण तीन महिन्यांचा किराया थकविणे, वरचेवर थकविणे, लेखी संमतीवाचून पोटकिरायेदार ठेवणे, घराची नासधूस किंवा शेजाऱ्यांना उपद्रव करणे, मालकाला स्वतः राहण्यासाठी खरोखर गरज असणे व त्या गावात त्याचे दुसरे राहते घर नसणे, ही त्यांतील मुख्य होत. किरायेदाराने दुसरीकडे सोय करून घेतली असेल, किंवा तो सलग चार महिने गाव सोडून गेला असेल व त्याला घराची गरज उरली नसेल, तरीही परवानगी मिळू शके.

या आज्ञेतील बाविसावे व तेविसावे कलम मात्र फारसे कोणाच्या स्मरणात राहिलेले नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे होय. घर रिकामे झाले की मालकाने सरकारला कळवावयाचे, आणि ठराविक मुदतीत सरकार सांगेल त्या माणसाला ते द्यावयाचे, असा तो नियम होता. हे घर मिळण्यास पात्र कोण? सरकारी नोकर, निर्वासित आणि घरातून काढला गेलेला किरायेदार. पुढे वीजमंडळाच्या नोकरांचीही त्यात भर पडली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात व अकोल्याच्या सिंधी कॅम्पात उतरली होती, हे लक्षात घेतले म्हणजे निर्वासितांचा उल्लेख त्या यादीत का आला ते कळते. ज्याला घर आहे त्याचे रक्षण करणारे कायदे पुष्कळ झाले. ज्याला घर नाही अशा शोधणाऱ्याच्या हाती रिकाम्या घराची किल्ली देऊ पाहणारा नियम वऱ्हाडात हा एवढाच. या यादीत वृद्धांचा उल्लेख नव्हता. १९४९ साली म्हातारपणी घर शोधावे लागेल ही कल्पनाच कोणाला आली नसावी. म्हाताऱ्यांचे घर म्हणजे मुलाचे घर, असा त्या काळचा हिशेब होता.

व्यवहारात हे कलम लवकरच पांगळे झाले. रिकामे घर सरकारला कळविण्याऐवजी मालक ते ओळखीच्या माणसाला परभारे देऊन टाकीत. असा सौदा मुळातच निरर्थक ठरतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८६ साली न्यायालयाने सांगितले की मालक व किरायेदार यांच्या आपसांत तो करार बंधनकारकच राहतो. न्यायदृष्ट्या हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. ज्याने स्वतः नियम मोडून घर दिले त्यानेच त्या नियमाकडे बोट दाखवून किरायेदाराला बाहेर काढावे, हे कोणालाही पटणारे नव्हते.

१९५६ च्या नोव्हेंबरात वऱ्हाड मुंबई राज्यात आले, १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला, पण घरांच्या बाबतीत विदर्भात ही १९४९ ची आज्ञाच चालू राहिली. एकाच राज्यात मुंबई-पुण्याला एक कायदा, मराठवाड्यात दुसरा आणि विदर्भात तिसरा, असा हा प्रकार चाळीस वर्षे चालला. त्याचा परिणाम दुहेरी झाला. ज्या जोडप्याने १९५५ च्या सुमारास बुधवाऱ्यात वा अंबापेठेत दोन खोल्या घेतल्या, त्याने तेथेच मुले वाढविली, मुलींची लग्ने केली आणि बहुधा तेथूनच जगाचा निरोप घेतला. किराया मात्र फारसा हलला नाही. घर आपले नाही, पण आपल्याला कोणी काढू शकत नाही, या विश्वासावर कित्येकांनी स्वतःचे घर बांधण्याचा विचार पुढे ढकलला आणि पुढे तो सुचला तेव्हा जागेचे भाव आवाक्याबाहेर गेले होते. उलट बाजूस, मालकही सारेच धनाढ्य नव्हते. एखादी विधवा मालकीण त्या तुटपुंज्या किरायावर वाड्याची कौलेही फेरू शकत नसे. असे मालक पुढे शहाणे झाले. एकदा घर रिकामे झाले की त्यांनी त्यास कुलूप लावले. आत बसलेला सुरक्षित झाला आणि बाहेर उभा असलेला बाहेरच राहिला.

येथे एक सूक्ष्म भेद सांगण्यासारखा आहे. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात, मालकाची गरज खरी ठरली तरी घर काढून घेतल्याने किरायेदाराला होणारा त्रास अधिक की न काढल्याने मालकाला होणारा त्रास अधिक, हे न्यायाधीशाने तोलून पाहावयाचे होते. वऱ्हाडच्या आज्ञेत असा तराजू नव्हता. म्हणजे सत्तरीतील पतिपत्नी आता कोठे जातील, हा प्रश्न पुण्याच्या न्यायालयात कायद्याचा प्रश्न होता, तर अकोल्याच्या कचेरीत तो केवळ करुणेचा. हा तराजू विदर्भाला मिळाला तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने. ३१ मार्च २००० रोजी तो अमलात आला आणि तिन्ही जुने कायदे मोडीत निघाले.

मात्र तोपर्यंत किरायेदारीचे स्वरूपच पालटले होते. त्याच कायद्यात परवान्यावर, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ने, दिलेल्या घराविषयी चोविसावे कलम आहे. मुदत संपताच घर सोडले पाहिजे, न सोडल्यास दुप्पट रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागते, आणि तेथे वरील तराजू चालत नाही. अकरा महिन्यांची जी चाल पडली तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून लोकांनी अकरा महिने धरले. आता महाराष्ट्रात मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदलेला असावाच लागतो, तथापि अकरा महिन्यांची सवय सुटलेली नाही. या व्यवस्थेने कुलपे उघडली, घरे बाजारात आली, हा तिचा गुण. पंचविशीतल्या नोकरदाराला ती सोयीचीही पडते. सत्तरीतल्या माणसाला मात्र दर वर्षी भांड्यांचे पेटारे बांधणे, नवा दवाखाना शोधणे, नव्या गल्लीची ओळख करून घेणे हे सारे पुन्हा प्रथमपासून करावे लागते. शिवाय परवाना हा व्यक्तीपुरता असतो. जुन्या किरायेदारीत पतीच्या पश्चात पत्नी वारस म्हणून त्याच खोल्यांत राहू शके. आज करार एकट्या पतीच्या नावे असेल तर तिचे पाऊल अधांतरी पडते. म्हणून करार दोघांच्या नावे करून घेणे अगत्याचे होय.

अशी जोडपी आता या शहरांत का वाढली, याची कारणे दूर शोधावयास नकोत. मुले पुण्यास, हैदराबादेस किंवा त्याहून दूर. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या. अकोल्याची सावतराम मिल आणि बडनेऱ्याची विजय मिल बंद पडल्या. अशा खाजगी नोकऱ्यांतून निवृत्त झालेल्यांना भविष्यनिधी योजनेतून मिळणारे निवृत्तिवेतन किमान म्हणजे १,००० रुपये, आणि तो आकडाही २०१४ साली ठरलेला. २००७ च्या कायद्याने मुलांवर आईबापांच्या पोषणाची जबाबदारी टाकली. परंतु घरमालकाने वृद्धांना घर नाकारू नये असे तो कायदा म्हणत नाही, व म्हणू शकेल असेही नाही.

आणि नाकारले जाते, हे उघड आहे. मालक अदबीने विचारतो, “काका, पोरं कुठं असतात? रात्री-बेरात्री काही झालं तर कोण येईल?” या प्रश्नात माणुसकी नाही असे म्हणता येत नाही, पण त्याचे उत्तर देता देता वृद्ध माणूस आपल्याच आजारांचा जामीनदार होऊन बसतो. त्यानंतर आडनाव विचारले जाते, खाणेपिणे विचारले जाते. दलित वा मुसलमान दांपत्याची चौकशी बहुधा तेथेच संपते, आणि ‘घर कालच गेले’ असे त्यांना सांगण्यात येते. उरलेल्यांपुढे जिने असतात. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. वरच्या मजल्यावरील गच्चीखालची किंवा टिनाखालची खोली स्वस्त मिळते, परंतु मे महिन्यात तेथे म्हाताऱ्या माणसाने दुपार कशी काढावी? सबब तळमजला, आत नळ, आणि जवळ दवाखाना, एवढ्या तीन मागण्यांतच निम्मी घरे गळतात. अमरावतीस अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्यास काटेपूर्णेचे पाणी येते. ते साठवावयास खाली टाके आहे की प्रत्येक बादली हाताने वर न्यावी लागेल, हे स्त्रिया प्रथम विचारतात व पुरुष करार झाल्यावर.

घर मिळते ते बहुधा दलालाकडून नव्हे, तर भजनी मंडळातील एखाद्या बाईकडून, निवृत्त सहकाऱ्याकडून किंवा किराणा दुकानदाराकडून. मग मालकाच्या मुलाच्या संगणकावर करार तयार होतो, पोलीस ठाण्यात द्यावयाचा कागद भरला जातो, आणि दोघांना अंगठा यंत्रावर ठेवावयास सांगतात. आयुष्यभर धुणी-भांडी केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र एकदा नाही म्हणते, दोनदा नाही म्हणते. बोटे पुसून, पुन्हा टेकवून, कधी दुसऱ्या हाताचे बोट वापरून अखेर ठसा उमटतो, आणि अकरा महिन्यांची नोंद होते.