नेतोजी पालकरांना मिळालेल्या दोन माफ्या

सुपरहिरोच्या सिनेमात हा प्रसंग हमखास येतो. खलनायक खाली पडलेला असतो, नायकाचा हात उगारलेला असतो, आणि नायक त्याला सोडून देतो. थिएटरात बसलेल्या आपल्याला 'का सोडलं?' हे कळतं, कारण आधीच्या दोन तासांत दिग्दर्शकाने ते दाखवून ठेवलेलं असतं. इतिहासात अशी सोय नाही. तिथे सोडून दिल्याची नोंद सापडते, तीही कधीकधी एका ओळीची. 'का' ते आपण आपल्या मनाने भरतो आणि भरलंय हे विसरून जातो.

माझंही तसंच झालं होतं. संशोधनाच्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी बिनदिक्कत वाचून दाखवलं, 'शिवाजी महाराजांनी उदार अंतःकरणाने नेतोजींना क्षमा केली.' मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "हे अंतःकरण कुठल्या कागदात सापडलं?" सगळे हसले. मला त्या दिवशी फार राग आला होता. पण तो प्रश्न माझ्या कामाचं वळणच बदलून गेला. तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, तर हा प्रश्न आत्ताच सोबत घ्या. तो कसा वापरायचा, ते नेतोजींच्याच उदाहरणावरून पाहू.

सुरुवात धारूरपासून करू या. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगेवरचं हे तालुक्याचं गाव. लोक 'किल्ले धारूर' म्हणतात. किल्ला सोळाव्या शतकातला, आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेला. पुढे तो निजामशाहीत आणि मग मोगलांकडे गेला. फारसी कागदांत त्याचं नाव 'फतेहाबाद' असंही येतं. (हे लक्षात ठेवा. 'धारूर' शोधत बसलात आणि कागदात 'फतेहाबाद' असलं, तर समोरची नोंद हातची जाईल.) ऑक्टोबरात गेलात तर रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या दिसतील. १६६६ च्या ऑक्टोबरात याच धारूरला नेतोजी पालकर कैद झाले.

पण मराठ्यांचा सरनोबत, ज्याला लोक 'प्रतिशिवाजी' म्हणत, तो मोगलांच्या छावणीत आला कसा? थोडक्यात सांगते. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर शिवाजी महाराज मिर्झाराजा जयसिंगाच्या बाजूने विजापूरविरुद्ध लढत होते. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला, बरीच माणसं मारली गेली. नेतोजी वेळेवर पोचले नाहीत, म्हणून महाराजांनी त्यांना पदावरून दूर केलं. नेतोजी आदिलशाहीला जाऊन मिळाले. मग मिर्झाराजाने पाच हजारी मनसब, जहागीर आणि रोख ३८ हजार रुपये देऊन मार्चमध्ये त्यांना मोगलांकडे ओढलं. तीन महिन्यांत माणूस दोन दरबार फिरला. कथेतला खलनायक तयार!

आता तारखा नीट पाहा. १७ ऑगस्ट १६६६ ला महाराज आग्र्याहून निसटले. औरंगजेबाला धास्ती वाटली, की आता नेतोजीही जाऊन मिळेल. मिर्झाराजाची फौज विजापूरच्या फसलेल्या मोहिमेवरून फिरून बीड-धारूरच्या टापूत होती. हुकूम आला आणि नेतोजी पकडले गेले. मोगल चाकरीत त्यांनी कसला गुन्हा केल्याचं दिसत नाही. सुटले महाराज, अडकले नेतोजी. हा दुवा लक्षात असू द्या, त्याच्याकडे परत यायचं आहे.

दिल्लीची माफी, रायगडची माफी

नेतोजींना दिल्लीला नेलं. १६६७ च्या सुरुवातीला त्यांनी इस्लाम स्वीकारला. नाव मुहम्मद कुलीखान झालं, तीन हजारी मनसब मिळाली, कुटुंबालाही धर्म बदलावा लागला आणि नेमणूक झाली दूर काबूलच्या बाजूला. जवळजवळ नऊ वर्षं तिकडे गेली. १६७६ मध्ये दिलेरखानाबरोबर ते दख्खनेत आले, तिथून निसटून महाराजांकडे पोचले. जेधे शकावलीत शके १५९८, आषाढ वद्य चतुर्थीला, म्हणजे १९ जून १६७६ ला, त्यांनी प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झाल्याची नोंद आहे. कारण दिलेलं नाही.

आपण नेहमी रायगडच्याच माफीबद्दल बोलतो. पण औरंगजेबाने जे केलं, तीही दरबारी भाषेत माफीच होती. कैद्याला जीव दिला, मनसब दिली, नवं नाव दिलं. म्हणजे एकाच माणसाला दहा वर्षांच्या आत दोन सत्ताधीशांनी माफ केलं. 'कुणाचं मन मोठं?' हा वाद निबंधस्पर्धेत घालू. संशोधक म्हणून आपण विचारायचं, की प्रत्येक माफीची अट काय होती आणि नंतर त्या माणसाचं काय झालं?

दिल्लीच्या माफीने नेतोजींकडून नाव, धर्म आणि मुलूख घेतला, बदल्यात मनसब दिली. रायगडच्या माफीने नाव आणि समाजातली जागा परत दिली. पण सरनोबतकी? ती १६६६ नंतर प्रतापराव गुजरांकडे गेली होती. १६७४ मध्ये प्रतापराव नेसरीला पडल्यावर ती हंबीरराव मोहित्यांकडे आली. नेतोजी परतले तेव्हा हंबीरराव सरनोबत होते आणि नंतरही तेच राहिले. म्हणजे घराचं दार उघडलं, जुनी गादी मात्र परत मिळाली नाही. माफी आणि विश्वास हे दोन वेगळे हिशेब होते, एवढं आपण कागदाच्या आधाराने म्हणू शकतो. माझ्या मते हे 'उदार अंतःकरणा'पेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

एक तुलना: खंडोजी खोपडे

एकाच उदाहरणावर विसंबू नका. १६५९ मध्ये रोहिड खोऱ्यातले खंडोजी खोपडे अफजलखानाला मिळाले होते. खान मारला गेल्यावर त्याचा मुलगा फाजलखान निसटला, त्यालाही खंडोजींनी मदत केली. पुढे खंडोजींनी जावई हैबतराव शिळीमकर आणि त्यांच्यामार्फत कान्होजी जेधे यांच्याकडे शब्द टाकला. कान्होजींनी रदबदली केली. महाराजांनी जीव घेणार नाही असा शब्द दिला, आणि नंतर खंडोजींचा उजवा हात आणि डावा पाय तोडायला लावला. कान्होजी नाराज झाले, तेव्हा त्यांना मिळालेल्या उत्तराचा आशय असा, की तुमच्या शब्दाखातर जीव राखला, पण फितुरीची शिक्षा व्हायलाच हवी होती.

ही हकिगत जेधे करिन्यातली आहे. आता इथे थांबा आणि विचारा, जेध्यांनी ती का जपली? करिना हा वतनदार घराण्याचा कागद. आपल्या पूर्वजाच्या शब्दाला राजाकडे किती वजन होतं, हे त्यातून दिसतं. त्यामुळे हकिगत खोटी ठरत नाही, पण ती कुणाच्या ओट्यावर बसून सांगितली जातेय हे कळतं.

खंडोजींना अर्धीमुर्धी माफी आणि नेतोजींना शुद्धी, हा फरक का? माझ्याकडे चार शक्यता आहेत.

एक, काळ बदलला होता. १६५९ मध्ये स्वराज्य कोवळं होतं, मावळातला प्रत्येक देशमुख बघत होता की फितुरीचं काय होतं. १६७६ मध्ये राज्याभिषेक होऊन दोन वर्षं झाली होती. दोन, धर्मनिर्णयाची यंत्रणा हाताशी होती. पंडितराव हे पदच त्यासाठी होतं, आणि राज्याभिषेकापूर्वी महाराजांनी स्वतःही प्रायश्चित्त घेतलं होतं. तीन, नाती. महाराजांच्या राणी पुतळाबाई पालकर घराण्यातल्या. चार, मोगलांकडे असलेल्या इतर मराठ्यांना दिसावं, की परतीची वाट बंद नाही.

यातली पहिली दोन मी प्रबंधात ठामपणे लिहीन, कारण घटनाक्रम त्यांना आधार देतो. तिसरं जपून लिहीन, कारण नातं होतं म्हणून निर्णय झाला असं सिद्ध होत नाही. चौथं पटण्यासारखं आहे, पण तो माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच लिहावा लागेल.

आणि पाचवं? ते माझ्या वहीत आहे, प्रबंधात नाही. महाराजांच्या आग्र्याच्या सुटकेची किंमत धारूरला नेतोजींनी मोजली. दहा वर्षांनी ते समोर उभे राहिले, तेव्हा महाराजांच्या मनात हे आलं असेल का? मला वाटतं, आलं असेल. पण माझं वाटणं हा पुरावा नाही.

हा काटेकोरपणा कशाला, असं कुणी म्हणेल. कारण नेतोजींचं नाव आजही भांडणात वापरलं जातं. एकाला ते गद्दार म्हणून हवे असतात, दुसऱ्याला धर्मांतराच्या वादातला हुकमी पत्ता म्हणून. दोघेही तीच एक ओळ दाखवतात आणि 'का'च्या रिकाम्या जागेत आपलं भरतात. आपण संशोधकांनीही तेच केलं, तर आपल्यात आणि व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमध्ये फरक तो काय राहिला?

तेव्हा एक गृहपाठ. तुमच्या विषयातली एखादी माफी, सुटका किंवा सवलत निवडा. तिच्यासमोर चार रकाने आखा: कुणी दिली, कुठल्या अटीवर, पुढे काय झालं, आणि नोंद कुणी ठेवली. पाचवा रकाना 'का'चा. तो पेन्सिलने भरा.

आणि धारूरला गेलात तर तटावर थोडा वेळ बसा. तीन बाजूंना खोल दरी आहे. इथून पकडून नेलेला माणूस काबूलपर्यंत जाऊन परत आला आणि त्याच्यासाठी दार उघडलं गेलं, एवढं आपल्याला नक्की माहीत आहे. तेवढंही कमी नाही.